आमच्या घरातला विक्रम

मीरा रोडला थंडी पडते असं सांगितलं की पुण्याची माणसं हसतात. हसू देत. आमची थंडी अंगाला लागत नाही, नाकाला कळते. सकाळी खिडकी उघडावी तर भाईंदरच्या मिठागरांवरून आलेली हवा जरा कोरडी, जरा हलकी वाटते. मग उन्हं वर आली की बेव्हर्ली पार्कातल्या आमच्या बिल्डिंगच्या गेटपाशी रोझीबाय कोळणीची मासळीची पाटी उतरते आणि मोसमातल्या पहिल्या सुक्या बोंबलांचा वास जिन्याने वर येतो. समोरच्या जिग्नाबेन खिडकी लावून घेतात, मी आमची सताड उघडतो. दोघांनाही त्याच क्षणी कळतं की थंडी आली.

परवा तो वास आला आणि पाठोपाठ आतल्या खोलीतून शिट्टी ऐकू आली. सुलभा, म्हणजे माझी बायको, कपाटातून शिट्टी काढून ती अजून वाजते का ते बघत होती. ती भाईंदरच्या एका शाळेत खेळ शिकवते. शाळांच्या स्पर्धा, मैदानं, पोरींचे सराव हे सगळं थंडीतच असतं, त्यामुळे लोकांच्या घरी या दिवसांत स्वेटर निघतात आणि आमच्याकडे शिट्टी.

"अहो, स्कूटरमध्ये पेट्रोल आहे ना?" तिने आतून विचारलं.

बोंबील, शिट्टी आणि पेट्रोल ही तिन्ही एकदम आली की मला जेनीची थंडी आठवते. त्याला आता दोन वर्षं झाली, पण अजून ती मला कालच्यासारखी लख्ख दिसते.

आधी आमच्या घरातल्या विक्रमाबद्दल सांगायला हवं. लग्नात सुलभा साड्यांच्या दोन बॅगा, एक पितळी घागर आणि एक राज्य विक्रम घेऊन आली. हेप्टॅथलॉनचा. हा शब्द माझ्या तोंडात बसायला वर्ष गेलं. दोन दिवसांत सात खेळ खेळायचे: पहिल्या दिवशी अडथळ्यांची शर्यत, उंच उडी, गोळाफेक आणि दोनशे मीटर, दुसऱ्या दिवशी लांब उडी, भालाफेक आणि सगळ्यात शेवटी, अंगात काही म्हणजे काही उरलेलं नसताना, आठशे मीटर. प्रत्येक खेळाचे गुण मिळतात आणि सगळ्यांची बेरीज होते. ज्या माणसाला बेस्टची बस पकडायलासुद्धा धावणं जिवावर यायचं, त्याच्या घरी असली बाई आली. मी तेव्हापासून मिरवतोय. बँकेतल्या पार्ट्या, मुंजी, बारशी, कुठेही गेलो की "ही सुलभा, माझी बायको. राज्य विक्रम आहे तिच्या नावावर," असं एका दमात सांगून टाकायचं. लोक तिच्याकडे बघायचे, मग माझ्याकडे बघायचे, आणि त्या दुसऱ्या बघण्यात जे काही असायचं ते मी गोड मानून घेत आलो.

गंमत अशी की विक्रमाचं कौतुक घरात फक्त मला होतं. ज्या चषकाला मी काचेच्या कपाटात ठेवलं असतं, त्यात ती सेफ्टी पिना आणि रबरबँड टाकायची. दर थंडीत राज्य स्पर्धेचे निकाल आले की ती मोबाइलवर बघायची आणि म्हणायची, "अजून आहे तिथेच." हे ती न हलणाऱ्या पाहुण्याबद्दल बोलावं तसं बोलायची. मला मात्र हायसं वाटायचं. आणखी एक वर्ष मिरवायची सोय झाली.

मग जेनी आली. जेनी रोझीबायची पोर, भाईंदरपलीकडच्या, समुद्रकाठच्या उत्तनची. ती शाळेत असताना तिच्याशी सुलभाची ओळख झाली ती क्रीडादिनाच्या दिवशी. शंभर मीटरची शर्यत जिंकल्यावर तिला थांबता येईना. समोर बक्षिसांचं टेबल होतं, टेबलामागे मुख्याध्यापिका शहाळं पीत बसल्या होत्या. ही पोर टेबलावरून, शहाळ्यावरून आणि जवळजवळ बाईंवरूनही उडी मारून पलीकडे गेली. सगळे ओरडले. सुलभा घरी आली ती वेगळ्याच चेहऱ्याने. जेवताना आमटीत भात कालवता कालवता थांबली आणि म्हणाली, "मागचा पाय कसा दुमडला तिने! कुणी शिकवलेलं नाही हो, आपोआप." मला कळलं नाही. पण ती रात्रभर खुशीत होती एवढं कळलं.

त्यानंतर आमचे रविवार उत्तनला जाऊ लागले. मग रविवारचे शनिवार-रविवार झाले आणि जेनी कॉलेजात गेली तेव्हा आठवड्यातल्या बहुतेक सकाळी गेल्या. सुलभाच्या गुडघ्याला पट्टा, त्यामुळे तिने धावायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं. धावणाऱ्या जेनीच्या बाजूने स्कूटर चालवणं हे माझं खातं. मागे सुलभा, हातात स्टॉपवॉच, तोंडात शिट्टी. उत्तनला लागून असलेल्या पाली गावच्या गल्ल्या अशा अरुंद की समोरून दुसरी स्कूटर आली की आधी कुणी मागे जायचं यावर चर्चा व्हायची, आणि तेवढ्यात जेनी पुढे निघून जायची. मागून सुलभा माझ्या पाठीत बोट खुपसायची, "अहो, चला ना!" सकाळी सकाळी तिथल्या बायका दारात बसून कोळंबी सोलत असत. त्यांना आमची ही वरात पाठ झाली होती. कुणीतरी ओरडायचं, "अंकल, आज तरी पोरीला गाठा!"

उत्तनच्या किनाऱ्यावर थंडीत बोंबलांचं राज्य असतं. बांबूंच्या उंच मांडवांना दोऱ्या बांधतात आणि दोन-दोन बोंबील तोंडात तोंड अडकवून त्यावर टांगतात. या मांडवांना वलांडी म्हणतात. सूर्य वर आला की ती सगळी चांदी चमकायला लागते. त्या वलांड्यांच्या बाजूच्या मोकळ्या वाळूत जेनीचा सराव चालायचा. रोझीबायची अट एकच होती. "टीचर, पोरीला काय हाणायचा तो हाणा. माज्या बोंबलाला हात लावायचा न्हाय." भालाफेकीच्या दिवशी ती स्वतः वलांडीपुढे कमरेवर हात ठेवून उभी राहायची. भाला तिच्या दिशेने आला असता तरी ती हलली नसती, याची मला खात्री आहे.

जेनीचं सगळं चांगलं होतं, फक्त आठशे मीटरशी तिचं वाकडं होतं. दुसऱ्या फेरीत ती कोलमडायची. उत्तनजवळच्या डोंगरी गावाच्या चढावर सुलभा तिला पळवायची तेव्हा ती गळा काढायची, "टीचर, मी मरतेय!"

"मर, पण त्या शेवटच्या खांबापर्यंत जाऊन मर."

"अंकल, तुम्ही तरी सांगा ना यांना!"

मी काय सांगणार? माझंच कुणी ऐकत नाही. मी पाण्याची बाटली पुढे करायचो.

त्या थंडीत प्रकरण गंभीर झालं. राज्य स्पर्धेत नुसतं जिंकून जेनीचं भागणार नव्हतं. राष्ट्रीय शिबिरात जागा मिळायची तर विक्रम मोडायला हवा होता, असं तिला सांगण्यात आलं होतं. तिच्या घरी कुवेतच्या मावशीने नोकरीचं बघून ठेवलेलं. जागा मिळाली नाही तर उन्हाळ्यात जायचं ठरलेलं. रोझीबाय आणि अंतोन, म्हणजे जेनीचा बाप, दोघांनी यात काही वावगं केलं नव्हतं. अंतोन तांडेल होता, बोट घेऊन दिवसेंदिवस समुद्रात असायचा. आपल्या पोरीने पाण्यापासून आणि पाटीपासून सुटावं एवढंच त्याला वाटत होतं.

तर मोडायचा होता तो विक्रम आमच्या घरातला. सुलभा रोज पहाटे उठून, गुडघ्याला पट्टा बांधून, स्वतःचा विक्रम मोडायला निघायची आणि मी तिला स्कूटरवरून नेऊन सोडायचो. जेनी मला आमच्या पोरीसारखी. ती जिंकावी असं मनापासून वाटायचं. पण विक्रम गेला की सुलभाकडे काय उरेल, हा विचारही पाठ सोडत नसे. शाळेतल्या हजारो पोरांना तिने शिट्टी वाजवून रांगेत उभं केलं. त्यांतल्या किती जणांना तिचं नाव आठवत असेल? एक तो आकडा होता ज्याच्यापुढे तिचं नाव छापलेलं होतं. तोही पुसला जाणार, आणि तो तिने स्वतःच्या हाताने पुसायचा.

एकदा डोंगरीहून परत येताना तिने मागून विचारलं, "तुम्ही मनात काय मागताय ते कळतंय मला. जेनी जिंकू दे, पण जरा कमी गुणांनी. हो ना?"

मी स्कूटर जरा जोरात दामटली.

"अहो, विक्रम म्हणजे काय लोणचं आहे, बरणीत ठेवून बघत बसायला?"

मी म्हटलं, "तुला काहीच वाटत नाही?"

उत्तनचा रस्ता संपून गर्दी लागली, रिक्षांचे हॉर्न सुरू झाले, तेव्हा ती म्हणाली, "वाटतं ना. का नाही वाटणार? पण तो कुणी ऐरागैरा मोडण्यापेक्षा ही मोडेल ते बरं." आणि लगेच, "सिग्नल आहे, थांबा!"

स्पर्धा मुंबईत होती, त्यामुळे अख्खं उत्तन लोटलं. दोन टेम्पो भरून माणसं आली. थंडीचे दिवस म्हणजे गावात लग्नांचे दिवस, आणि जेनीचा मामा लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणारा. तो बँडच घेऊन आला. लाल कोट, सोनेरी बटणं, ढोल, सगळं.

पहिलाच खेळ अडथळ्यांची शर्यत. जेनी त्यात राणी. बंदूक वाजली आणि ती अशी गेली की बाकीच्या पोरींना तिची पाठच दिसली. पहिली! बस, मामाने ट्रम्पेट तोंडाला लावला. ढोल सुरू झाला. रोझीबायने कुणाला काही न विचारता पिशवीतून हार काढला, कुणी केक काढला, त्यावर 'अभिनंदन' लिहिलेलं होतं. बायका नाचायला लागल्या. उत्तनच्या बोटींच्या शर्यतीत असंच असतं, बोट पहिली आली की शर्यत संपली आणि नाच सुरू. टेम्पोवाल्याला "गाडी काढ" असं सांगूनही झालं. तेवढ्यात सुलभा दोन-दोन पायऱ्या चढत वर आली.

"अहो, थांबा! अजून सहा बाकी आहेत!"

बँड अर्ध्या सुरात बंद पडला. रोझीबाय हातात केकचा तुकडा घेऊन म्हणाली, "सा? कसले सा?"

मग तिने ते सहा बघितले आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. उंच उडीत जेनी तिसरी. गोळाफेकीत तर पार मागे. हार पिशवीत परत गेला, ढोल बाकाखाली गेला. खाली पाणी प्यायला आलेली जेनी मला म्हणाली, "अंकल, आमची माणसं मयताला आल्यासारखी का बसलीयत?"

मी रोझीबायजवळ जाऊन बसलो आणि गुणांचं सांगायला लागलो. बँकेत मी पस्तीस वर्षं लोकांना व्याज समजावलंय, पण माझ्या नाकी नऊ आले. शेवटी सुचलं. म्हटलं, "रोझीबाय, तुम्ही मला वाटा लावून देता ना? त्यात एक पापलेट, दोन बांगडे, थोडी मांदेली. भाव कशाचा?"

"सगल्या वाट्याचा."

"मग? हाही वाटाच आहे. अडथळे म्हणजे पापलेट. गोळा म्हणजे मांदेली."

मग तिचा चेहरा उजळला आणि लगेच आवाजही चढला. "आनि तुमी दर टायमाला पापलेटच उचलून बघता, मांदेली बघत पन न्हाय! असा करतात काय?" पाच मिनिटांत ही वाट्याची गोष्ट दोन टेम्पोभर माणसांत पसरली. दोनशे मीटरला जेनी दुसरी आली तेव्हा मागून कुणीतरी समजूतदारपणे म्हणालं, "बांगडा हाय. मोठा हाय." आणि टाळ्या पडल्या.

परवा जिग्नाबेन जिन्यात भेटल्या. "भाईसाब, वो हार-केक वाला किस्सा फिर से सुनाओ ना," म्हणाल्या. त्यांना बोंबलाचा वास चालत नाही, पण बोंबीलवाल्यांचे किस्से चालतात. मी सांगत गेलो आणि त्या जिन्याच्या कठड्याला धरून हसत गेल्या. मीही हसत होतो, पण दुसऱ्या दिवसापाशी आलो तसा मी पायरीवर बसूनच घेतलं.

स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी बँड नव्हता, पालीला लग्न होतं. पण अंतोन होता. भर मोसमात बोट किनाऱ्याला ठेवून तो आला होता आणि कुणाशी न बोलता सगळ्यात खालच्या रांगेत बसला होता. लांब उडी छान झाली. भाला बरा गेला. सुलभाने बोटांवर हिशेब केला, पुन्हा केला, आणि म्हणाली, "आठशेवर आलं सगळं." जेनी स्पर्धा जिंकणार हे आता नक्की होतं. विक्रमासाठी मात्र तिला आजवर कधी धावली नव्हती इतकं जोरात धावायला लागणार होतं. म्हणजे शिबिर की कुवेत, ते त्या दोन फेऱ्यांत ठरणार होतं. सुलभा आमच्यासमोर पहिल्या रांगेत, कमरेइतक्या जाहिरातीच्या फलकापाशी जाऊन उभी राहिली. तिने स्टॉपवॉच दोन्ही हातांनी धरलं होतं.

पहिली फेरी जेनीने वेळेत काढली. दुसऱ्या फेरीत, पलीकडच्या बाजूला, नेहमीच्या जागी तिचे खांदे वर गेले. कोलमडायच्या आधी ते तसे जातात, ते मी स्कूटरवरून शंभरदा पाहिलंय. तेवढ्यात अंतोन उभा राहिला आणि त्याने आवाज दिला, "हैसा!" भरलेलं जाळं बोटीत ओढताना देतात ती हाक. पुन्हा, "हैसा!" उत्तनच्या सगळ्या माणसांनी ती उचलली. बायका, म्हातारे, टेम्पोवालासुद्धा. मीही. एका लयीत, "हैसा! हैसा!" जेनीचे खांदे खाली आले आणि पाय त्या लयीत पडायला लागले. शेवटच्या सरळ पट्ट्यात ती एकटी होती, तोंड वेडंवाकडं, केस सुटलेले, आणि तशीच ती रेषेवर पडली.

बोर्डावर काही यायच्या आधी सुलभाने हातातलं घड्याळ बघितलं. आमच्यात तो आकडा तिला एकटीलाच वाचता येत होता. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो, कारण इतके दिवस मला जी भीती होती ती मला तिथेच दिसणार होती.

पण चेहरा दिसायला ती जागेवर राहिलीच नाही. दोन पावलं मागे आली, तीन पावलं धावली आणि फलकावरून गेली. पुढचा पाय सरळ, मागचा बाजूने दुमडलेला, अंग पुढे झुकलेलं, ओढणी मागे उडालेली. पलीकडे टेकली आणि थांबली नाही, हिरवळीवरून तशीच धावत सुटली. एक पंच शिट्टी वाजवत मागे लागला, त्याला ती सापडली नाही. आमच्या लग्नाआधीच तिचं खेळणं संपलं होतं. इतकी वर्षं मी जिच्याबद्दल गावभर सांगत फिरलो, तिला धावताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मी रडत होतो, आणि रोझीबाय माझ्या पाठीवर थापा मारत ओरडत होती, "अवो, तुमची बाईल बघा! बघा!"

गुणांची बेरीज जाहीर व्हायला वेळ लागला. तोवर दोन दिवस एकमेकींशी झुंजलेल्या त्या सगळ्या पोरी उठल्या आणि हातात हात घालून वाकून नमस्कार करायला उभ्या राहिल्या. या खेळात ती पद्धतच आहे. रोझीबायला ते पटेना. "आमच्या बाजारात असा कुनी करल काय?" म्हणाली. जेनीचा एक हात शेजारच्या मुलीच्या हातात होता, दुसरा सुलभाच्या गळ्यात.

मग भोंग्यातून आवाज आला. नवा राज्य विक्रम! जेनी परेरा, मीरा-भाईंदर! उत्तनचा एकच कल्लोळ उठला. अंतोन मटकन खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. त्या गोंधळात पुढचं वाक्य कुणी ऐकलं नसेल, पण मी ऐकलं. "याआधीचा विक्रम, सुलभा तेरवणकर."

हे तिचं माहेरचं नाव. लग्नानंतर ते मी एकदाही मोठ्याने कुणी घेतलेलं ऐकलं नव्हतं. विक्रम टिकला होता तोवर तो नुसता कागदावर होता. मोडला तेव्हा कुठे भोंग्यातून तिचं नाव मैदानभर गेलं.

शर्यतीआधी आपलं नाव पुकारलं की खेळाडूने हात वर करायचा असतो. आम्ही सोडलो तर त्या मैदानावर कुणालाच माहीत नव्हतं ही बाई कोण. सुलभाला तरी त्या वेळी काय कळत होतं कोण जाणे. पण जेनीला मिठीत धरूनच तिचा उजवा हात आपोआप, सरळ, उंच वर गेला.